नाताळच्या रात्री पायी बेथलेहेमला

जेरुसलेममध्ये सियोन डोंगरावर डॉर्मिशन मठ आहे. २४ डिसेंबरची मध्यरात्रीची उपासना आटोपली की तिथले बेनेडिक्टाइन संन्यासी एक लांबलचक गुंडाळी सोबत घेऊन बेथलेहेमला पायी निघतात. गुंडाळीवर हजारो नावं असतात. जगभरातून लोकांनी पाठवलेली: आजाऱ्यांची, दुरावलेल्यांची, यायचं मनात होतं पण जमलं नाही अशांची. त्यांच्या मागोमाग आम्ही यात्रेकरू चालतो. अंतर सुमारे १० किलोमीटर. रमतगमत अडीच ते तीन तास, जेरुसलेम आणि बेथलेहेमच्या मधल्या इस्रायली तपासणी नाक्यावरचा वेळ वेगळा.

नाताळचा अर्थ या वाटेवर उलगडतो तो या नावांमुळे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या जन्माची हकिकत सुरू होते ती रोमन सम्राट औगुस्त कैसराच्या हुकमापासून: सगळ्यांची नावनिशी करा. योसेफ आणि गरोदर मरीया नासरेथहून बेथलेहेमला आली ती या सरकारी कामासाठी. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला देहधारण म्हणते ते इथेच सुरू होतं. देव माणूस झाला, म्हणजे कुणाच्या तरी यादीत ज्यांची नावं चढवली जातात, ज्यांना हुकूम आला की घर सोडून चालावं लागतं, अशांपैकी एक झाला. लूक कैसराचं नाव देतो, सुभेदार क्विरिनियाचं देतो. बाळाला पाहायला आलेल्या मेंढपाळांपैकी मात्र एकाचंही देत नाही. संन्याशांच्या गुंडाळीत सगळी नावं त्या दुसऱ्या बाजूची.

तयारी साधी आहे, पण चुकली तर रात्र अंगावर येते. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटरवर आहेत. डिसेंबरअखेर रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि कड्यावर वारा असतो. एकच जाडजूड जाकीट घालून निघालेले पहिल्या चढाला घामाघूम होतात आणि थांबले की कुडकुडायला लागतात, कारण आतला सुती कपडा ओला झालेला असतो. म्हणून अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर एक गरम, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. चढ लागण्याआधी एक थर काढून ठेवायचा. वाट जवळजवळ सगळी डांबरी. तळवे दुखतात ते त्यानेच, तेव्हा जाड तळाचे आणि आधी पायात मुरलेले बूट हवेत. पाणी १ लिटर पुरतं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवायचा. सामानात चाकू, कात्री काही नको.

सियोनवरून उतरलं की हिन्नोमची दरी, मग पुन्हा चढ, जुनं रेल्वे स्टेशन आणि तिथून दक्षिणेला सरळ हेब्रोन रस्ता. सिग्नल, बसथांबे, बंद दुकानं, झोपलेल्या इमारती. हा ज्यू वस्तीचा भाग. इथे नाताळ नाही, रोषणाई नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो. आम्हाला मात्र हा टप्पा मोलाचा वाटतो. तासभर डोळ्यांना काहीच मिळत नाही आणि मनातली नाताळकार्डावरची चित्रं गळून पडतात. गाढवाचंच घ्या: मरीया गाढवावर बसून आली असं शुभवर्तमानात कुठेही नाही. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत; ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले, जिथे बैल आणि गाढव आपल्या धन्याला ओळखतात आणि लोक ओळखत नाहीत.

साधारण ६ किलोमीटरवर मार एलियासचा मठ लागतो. त्याच्या थोडं अलीकडे, ऑलिव्हच्या झाडांत, कथिस्मा या पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चचे अवशेष आहेत. १९९२ मध्ये रस्ता रुंद करताना ते सापडले. मधोमध एक खडक आणि त्याच्याभोवती फरसबंदीचे फेर. बाळंतपण जवळ आलेली मरीया बेथलेहेमला जाताना इथे टेकली, अशी जुनी परंपरा आहे. जन्मस्थानावर चर्च असणं समजू शकतं. पण दमलेली बाई दोन घटका बसली तिथेही लोकांनी एवढं मोठं चर्च उभारलं! देहधारणावरचं इतकं रोखठोक भाष्य आम्ही दुसरीकडे पाहिलेलं नाही. देह घेतला म्हणजे आईचे सुजलेले पायही आलेच. रात्री अंधारात हे काही दिसत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी उजेडी येऊन पाहून घ्यावं.

मार एलियासला कडा ओलांडला की मागे जेरुसलेम आणि पुढे बेथलेहेमचे दिवे दिसतात. इथे दहा मिनिटांहून जास्त थांबू नये, अंग गार पडतं.

मग नाका. काँक्रीटची भिंत, लोखंडी फिरती दारं, लांब बोळ. मोठी पाठपिशवी दारात अडकते. ती उतरवून पुढे धरायची. बेथलेहेमकडे जाताना तपासणी सहसा कमी असते. परतताना कागद पाहतात, सामान यंत्रातून जातं, रांग लागते. आपण पासपोर्ट दाखवून पलीकडे जातो. बेथलेहेमच्या रहिवाशांना याच वाटेने जेरुसलेमला यायचं तर परवाना लागतो, तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनासुद्धा. नावनिशीचा अध्याय इथे उभ्याउभ्या वाचावा. गाझातल्या युद्धामुळे २०२३ आणि २०२४ मध्ये बेथलेहेमच्या चौकात झाड नव्हतं, रोषणाई नव्हती; मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र झाला.

नाक्याजवळच राहेलीची कबर आहे, भिंतीआड गेलेली. मुलांसाठी रडणारी राहेल यिर्मयाच्या ग्रंथात भेटते आणि हेरोद राजाने बेथलेहेमची बाळं मारली तेव्हा शुभवर्तमानकार मत्तय तिचीच आठवण काढतो. त्या बाळांचा सण २८ डिसेंबरला, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी येतो. चर्चने हे दिवस मुद्दाम इतके जवळ ठेवले, आणि ते बरोबरच आहे असं आम्हाला वाटतं.

नाक्यापासून चौक अडीच किलोमीटरच्या आसपास. जुन्या गावातून जाणारा तारका मार्ग घ्यावा. २४ तारखेला दुपारी लॅटिन पॅट्रिआर्कची, म्हणजे इथल्या कॅथलिकांच्या धर्मप्रमुखाची, मिरवणूकही त्याच वाटेने जाते. दगडी फरशी ओली असली की पाय सटकतो. भिंतीच्या कडेने, छोटी पावलं टाकत उतरायचं.

जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम १.२ मीटर उंच आहे. त्याच्या वर सहाव्या शतकातल्या, जस्टिनियन सम्राटाच्या काळातल्या मोठ्या दाराची चौकट आणि नंतरची क्रूसेडकालीन कमान भिंतीत स्पष्ट दिसते. घोडे, गाड्या आत घुसू नयेत म्हणून दार लहान केलं असं सांगतात. भाविक त्याला नम्रतेचं दार म्हणतात. पाठपिशवीसह वाकलात तर पिशवी वरच्या दगडाला अडते आणि मागची रांग खोळंबते. ती आधीच हातात घ्यावी.

आत ४४ खांब. वेदीच्या दोन्ही बाजूंनी गुहेत उतरायच्या पायऱ्या आहेत. गुहा लहान: साधारण १२ मीटर लांब, तीनेक मीटर रुंद. वेदीखाली संगमरवरात १४ टोकांचा चांदीचा तारा आणि त्यावर लॅटिन ओळ: येथे कुमारी मरीयेपासून येशू ख्रिस्त जन्मला. वर १५ दिवे टांगलेले, ६ ग्रीकांचे, ५ आर्मेनियनांचे, ४ लॅटिनांचे. १८४७ मध्ये हा तारा चोरीला गेला आणि त्या भांडणाची झळ पुढे क्रिमियाच्या युद्धापर्यंत पोहोचली. कोण कुठे झाडणार, कुठला दिवा कुणाचा, हे आजही एकोणिसाव्या शतकातल्या वाटणीप्रमाणे चालतं. काही यात्रेकरूंना याची चीड येते. पण माणसांच्या भांडणांच्या बाहेर, कुठेतरी स्वच्छ जागी जन्म घेतला असता तर तो देहधारण कसला?

ताऱ्यापासून काही पावलांवर, जरा खालच्या बाजूला, गव्हाणीची जागा आहे. ती फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्याशांकडे. नाताळच्या मिस्सानंतर बाळ येशूची मूर्ती मिरवत इथे आणतात आणि लूकचं वाचन गायलं जात असताना, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे शब्द येतात तेव्हा ती तशीच ठेवतात.

बहुतेकांचं नियोजन इथेच फसतं. शेजारच्या सेंट कॅथरीन चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला तिकीट लागतं. ते मोफत असतं, पण खूप आधी मागावं लागतं. पायी येणाऱ्याला तो मिस्सा मिळत नाही, कारण त्याच वेळी तो सियोनवर असतो. दोन्हींपैकी एक निवडायचं. गुंडाळी गुहेत ताऱ्यापाशी ठेवून प्रार्थना होते ती पहाटे, आणि गर्दीत तुमच्या वाट्याला एखादं मिनिट येतं. गुहेत निवांत बसायचं असेल तर मुक्काम वाढवावा. ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला असतो आणि इथल्या आर्मेनियनांचा १९ जानेवारीला, कारण दोघेही जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळतात. आर्मेनियन तर जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी साजरे करतात. या सणांच्या मधल्या दिवसांत भल्या पहाटे गुहेत गर्दी कमी असते.

पहाटे पाय चालत असतील तर पूर्वेला बैत साहूरपर्यंत उतरावं, दोन-तीन किलोमीटर. मेंढपाळांच्या शेतात छत धुराने काळवंडलेल्या गुहा आहेत. रोमन परंपरेत नाताळचे तीन मिस्सा असतात, त्यातला पहाटेचा मेंढपाळांचा. चला, बेथलेहेमला जाऊ, असं ते एकमेकांना म्हणतात तो भाग त्यात वाचतात. परतीचा रस्ता पूर्ण चढाचा आहे. उशीर झाला असेल तर टॅक्सी करावी, त्यात कमीपणा नाही.

दिवसाच्या मिस्साला योहानाचा पहिला अध्याय असतो: शब्द देही झाला आणि आपल्यात त्याने वस्ती केली. या वाचनात बेथलेहेमचं नाव नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, आणि रात्रभर चाललेल्याचे डोळे नेमके याच वेळी मिटायला लागतात. म्हणून नवीन येणाऱ्यांना आम्ही तो अध्याय २४ तारखेलाच, दुपारी, कथिस्माच्या खडकापाशी बसून वाचायला सांगतो.