देले बी२ आणि सुबखुन्तिबोची ती यादी
देले बी२, म्हणजे स्पॅनिशची बी२ पातळीची परीक्षा, पास झाले एकदाची. बाकी तयारीचं काही विशेष सांगण्यासारखं नाही, पण सुबखुन्तिबोने, म्हणजे स्पॅनिश क्रियापदाच्या एका वेगळ्या रूपाने, जे छळलंय ना! आणि खरा राग आहे तो क्लासमध्ये मिळालेल्या यादीचा. इच्छा, शंका, भावना, विनंती, यांच्या पुढे सुबखुन्तिबो, करा पाठ. का, ते कोणीच सांगत नाही.

अरे, मुद्दा एवढाच आहे की बोलणारा ती गोष्ट 'आहे' म्हणून ठामपणे सांगतोय की नाही. 'बुस्को उन लिब्रो के एस्प्लिका एस्तो', हे समजावणारं पुस्तक शोधतेय, म्हटलं की ठराविक पुस्तक डोक्यात आहे, तेच शोधतेय. 'एस्प्लिके' हा सुबखुन्तिबो वापरला की हे समजावणारं कुठलंही चालेल, असेल नसेल देव जाणे. एका स्वराने एवढा फरक!

मराठी माणसाला अर्धं काम सोपं आहे. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस असं वाटतं, ते 'यावंस' आपल्याकडे आहेच. अडतं कुठे, तर 'क्वान्दो'पाशी, म्हणजे 'जेव्हा'पाशी. आपण म्हणतो 'येशील तेव्हा सांग', म्हणून तोंडात भविष्यकाळ येतो, 'क्वान्दो बेन्द्रास'. तो फक्त प्रश्नात चालतो, कधी येशील? एरवी जे अजून घडायचंय तिथे 'क्वान्दो बेंगास'च, आणि नेहमीचं येणं असेल तर 'क्वान्दो ब्येनेस'. 'तो येईल असं वाटत नाही' यातही तेच, आपला भविष्यकाळ, त्यांचं 'नो क्रेओ के बेंगा'. ही दोन वाक्यं कोणी पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी लिहून दिली असती तर ती यादी लागलीच नसती!

हां, भूतकाळातला सुबखुन्तिबो बघून घाबरू नका, तो उलट सरळ आहे. 'तुब्येरोन', म्हणजे 'त्यांच्याकडे होतं', यातलं 'रोन' काढा, 'रा' लावा, 'तुब्येरा'. सगळ्या क्रियापदांना हेच, एकही अपवाद नाही. 'सी तुब्येरा त्येम्पो, इरिआ', वेळ असता तर गेले असते. उत्तर स्पेनमध्ये लोक 'सी तुब्येरा'ऐवजी 'सी तेन्द्रिआ' बोलताना ऐकू येतील, पण पेपरात ते लिहू नका.

अजून एक, वाचन आणि लेखन एका गटात धरतात आणि ५० पैकी ३० लागतात, ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात, तिथेही तसंच. त्यामुळे लेखन कच्चं असेल तर वाचनात मार्क उचला. आणि लेखनात पत्र असतं, त्यासाठी 'लेस आग्रादेसेरिआ के मे एन्बिआरान', म्हणजे पाठवलंत तर आभारी राहीन, हे एक वाक्य हाताला बसवूनच जा.