गीझर, १४ व्होल्ट आणि एक सैल स्क्रू

पंचवटीतील आमच्या जुन्या घरात, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, पहाटे गीझर लावला की जिन्यात प्लॅस्टिक तापल्यासारखा मंद वास येतो, असे आई दोन-तीनदा म्हणाली. पाणी तापत होते, एमसीबी (धारा मर्यादेबाहेर गेली की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नव्हता, म्हणून आम्ही कोणीच ते मनावर घेतले नाही. अखेर ओळखीच्या वायरमनकाकांना बोलावले आणि त्यांनी घेतलेल्या तीन मोजमापांवरून मी वहीत गणित मांडले.

गीझर चालू असताना मीटरजवळच्या बोर्डावर २२६ व्होल्ट, गीझरच्या सॉकेटवर २१२ व्होल्ट आणि वायरीभोवती अडकवून धारा मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअर, असे आकडे मिळाले. पहिला संशय गीझरच्या कॉइलवर होता. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे विद्युतदाबाला धारेने भागले की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, मिळतो. २१२ भागिले ८ म्हणजे २६.५ ओहम. गीझरवर २३० व्होल्ट व २००० वॅट असे छापलेले होते, आणि दाबाच्या वर्गाला शक्तीने भागले तरी उत्तर जवळजवळ तेच येते. म्हणजे कॉइल निर्दोष होती. शक्ती मात्र दाब गुणिले धारा, म्हणजे १६९६ वॅटच मिळत होती, कारण ठरावीक रोधातील शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि दाब आठ टक्के घटला की शक्ती पंधरा टक्के घटते.

खरा प्रश्न वाटेत हरवलेल्या १४ व्होल्टचा होता. १४ भागिले ८ म्हणजे १.७५ ओहम, आणि १४ गुणिले ८ म्हणजे ११२ वॅट उष्णता, तीही भिंतीच्या आत. वायर दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. मीटरपासून गीझरपर्यंत २५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर धरले तर वायरीचा वाटा ०.६ ओहम आणि ३८ वॅट इतकाच होतो, आणि तोही सगळ्या लांबीवर पसरलेला. उरलेले १.१५ ओहम कुठल्यातरी एकाच जागी असणार होते, आणि तिथे ७४ वॅट, म्हणजे ६० वॅटच्या जुन्या बल्बपेक्षाही अधिक उष्णता, नखाएवढ्या जागेत साठत होती.

एमसीबी का पडत नव्हता, हेही यातूनच उलगडते, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एमसीबी धारा वाढली की पडतो. सैल सांध्याने मंडलाचा (सर्किटचा) रोध वाढून धारा उलट कमी झाली होती. पाणी तापायलाही जेमतेम दोन-तीन मिनिटे जास्त लागत होती, त्यामुळे तिकडूनही शंका आली नाही.

मेन स्विच बंद करून काकांनी जिन्यातली जोडपेटी उघडली. न्यूट्रलचा, म्हणजे धारा परत नेणाऱ्या वायरीचा, स्क्रू सैल होता, वायरीचे टोक काळे पडले होते आणि कनेक्टरची एक बाजू वितळली होती. टोक कापून, नवा कनेक्टर बसवून पुन्हा मोजले तेव्हा बोर्डावर २२६ व्होल्टच असताना सॉकेटवर २२१ व्होल्ट आणि ८.३ अँपिअर मिळाले. उरलेले ५ व्होल्ट वायरीचे आहेत. तिच्या जागी ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढण्याचे काम येत्या रविवारी ठरले आहे.