पावसाळ्यात पीएलए मोल्ड करताना

1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, ट्रे अशा एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. कम्पोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तूंना तिच्यातून सूट आहे. मात्र त्या बाजारात आणण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ज्या छोट्या कारखानदारांकडे चमच्यांचे मोल्ड (साचे) आधीपासून पडून होते, त्यांचे लक्ष साहजिकच कम्पोस्टेबल, म्हणजे खत होऊ शकणाऱ्या, प्लास्टिकच्या दाण्याकडे, मुख्यतः पीएलएकडे, वळले. मी वसईकडच्या औद्योगिक पट्ट्यात मोल्डिंगचेच काम करतो, त्यामुळे 'यासाठी मशीन बदलावे लागेल का?' हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मशीन सहसा बदलावे लागत नाही. बदलावी लागते ती दाणा वाळवण्याची, साठवण्याची आणि बॅरल (दाणा वितळवणारी मशीनची तापती नळी) रिकामे करण्याची पद्धत, आणि तिथे दुर्लक्ष झाले की उत्तम प्रतीचा महागडा दाणासुद्धा ठिसूळ चमच्यांच्या ढिगात जातो.

हा दाणा मुख्यतः पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पीएलएचा असतो. त्यात गरजेनुसार पीबीएटी, पीबीएस ही दुसरी कम्पोस्टेबल प्लास्टिके किंवा खनिज भुकटी मिसळलेली असते. अमेरिकेत नेब्रास्कातील ब्लेअर येथे नेचरवर्क्स तो मक्यापासून बनवते, तर थायलंडमध्ये रायोंग येथे टोटलएनर्जीज कॉर्बियन तो उसापासून बनवते. आपल्या जेजुरीलाही प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जैव-पॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसाच्या राज्यात हे घडत आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच हा दाणा हाताळण्याचे ज्ञान शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येक ऑपरेटरपर्यंत पोहोचले पाहिजे असे मला वाटते.

पीएलएच्या लांब साखळीतील दुवे एस्टर प्रकारचे असतात आणि पाणी ते तोडते. औद्योगिक कम्पोस्टिंगमध्ये साधारण 58 अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर ओलावा यांमुळे साखळ्या तुटत जातात व तुटलेले तुकडे सूक्ष्मजीव खातात. वस्तूचे खत होते ते या क्रियेमुळे. साखळ्या तुटण्याची हीच क्रिया 200 अंशांच्या बॅरलमध्ये काही मिनिटांत होते, म्हणजे ज्या गुणासाठी आपण हा दाणा विकत घेतो तोच गुण मशीनमध्ये आवरून धरावा लागतो.

हिशेब करून पाहावा. पीएलएसाठी सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी ओलाव्याची कमाल मर्यादा 250 पीपीएम (दहा लाखांत 250 भाग) आहे, म्हणजे एका किलोत पाव ग्रॅम पाणी आणि 25 किलोच्या पिशवीत सव्वासहा ग्रॅम. हे प्रमाण नगण्य वाटते, पण पाण्याचा रेणुभार 18 आहे आणि साखळीचा सरासरी रेणुभार एक लाख धरला, तर त्या पाव ग्रॅममधील पाण्याचे रेणू त्या किलोतील साखळ्यांच्या जवळजवळ दीडपट भरतात. एक रेणू एक दुवा तोडतो. सगळेच पाणी बॅरलमधल्या थोड्या वेळात खर्ची पडत नाही हे खरे, तरीही मर्यादेच्या आत असलेला दाणासुद्धा किती नाजूक अवस्थेत असतो हे यावरून समजते. त्यामुळे शक्य असेल तिथे मी 100 पीपीएमच्या आसपासचेच लक्ष्य ठेवतो.

आता आपल्याकडच्या जुलै महिन्याचा विचार करावा. किनारपट्टीवर त्या दिवसांत हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते तो) 24-25 अंशांच्या घरात असतो. बहुतेक लहान कारखान्यांत असलेला साधा हॉट एअर ड्रायर बाहेरची हवा ओढून फक्त तापवतो. त्या हवेतील पाणी तसेच राहते आणि होपरमधून (दाणा भरायच्या नरसाळ्यातून) फिरत राहते. पीपीसाठी (पॉलिप्रॉपिलीनसाठी) हे चालून जाते, कारण पीपी पाणी शोषतच नाही म्हटले तरी चालेल. पीएलएसाठी मात्र उणे 40 अंश दवबिंदूची, म्हणजे अगदी कोरडी हवा देणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायर लागतो. त्याच्यावरचा खर्च टाळून पावसाळ्यात पीएलए चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या दाण्याला साधारण 80 अंशांवर चार तास दिले की सहसा काम होते, पण रीग्राइंडच्या (वाया गेलेला माल दळून केलेल्या चुऱ्याच्या) बाबतीत पुष्कळांची गफलत होते. नवा दाणा तळहातावर घेऊन पाहिला तर तो दुधाळ, अपारदर्शक दिसतो, कारण तो स्फटिकीकरण करून पाठवलेला असतो. थंड मोल्डमधून निघालेला चमचा किंवा रनर (मोल्डच्या वाहिनीत घट्ट झालेला माल) काचेसारखा पारदर्शक असतो. त्यात स्फटिक जवळजवळ नसतात, आणि असा माल 55 ते 60 अंशांवरच मऊ पडतो. त्याचा चुरा 80 अंशांच्या ड्रायरमध्ये ओतला की तुकडे एकमेकांना चिकटतात, होपरच्या गळ्याशी गठ्ठा बसतो आणि तो शेवटी सळईने फोडून काढावा लागतो. असे रीग्राइंड आधी वेगळ्या यंत्रात ढवळत ठेवून स्फटिकीभूत करावे, नाहीतर 45 ते 50 अंशांवर बराच अधिक वेळ देऊन वाळवावे. याच कारणाने दाणा बॅरलमध्ये शिरतो त्या तोंडाशी फिरणारे थंड पाणीही बंद पडू देऊ नये.

दाणा वाळवून झाला म्हणजे काम संपले असे नाही. ड्रायरमधून काढून उघड्या बादलीत ठेवलेला दाणा पावसाळी हवेत पुन्हा भराभर पाणी घेतो. ॲल्युमिनियमच्या अस्तराची पिशवी एकदा फोडली की उरलेला दाणा लगेच सीलबंद करावा, आणि गोदामातून आणलेली गार पिशवी शॉप फ्लोअरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, कारण गार दाण्यावर दव धरते. ओलावा अंदाजाने न ठरवता मोजावा. साधा मॉइश्चर ॲनलायझर नियमित वापरला तरी मोठा फरक पडतो.

ओला दाणा नेहमी चंदेरी पट्टे दाखवून इशारा देईलच असे नाही. वस्तू दिसायला स्वच्छ येते आणि हातात घेऊन वाकवली की कडकन मोडते. त्याआधीच्या खुणा मशीनच्या पडद्यावर मिळतात: सेटिंग तेच असताना मोल्ड भरण्याचा दाब हळूहळू उतरू लागतो, नोझलमधून (बॅरलच्या पुढच्या टोकातून) माल गळू लागतो आणि पार्टिंग लाइनवर, म्हणजे मोल्डचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅश (बाहेर आलेली पातळ कड) दिसू लागते. अशा वेळी ऑपरेटर तापमान किंवा दाब कमी करून फ्लॅश बंद करतो, त्यामुळे खूण पुसली जाते आणि दोष तसाच राहतो. प्रथम ड्रायरचा दवबिंदू पाहावा, असे मी प्रत्येक शिफ्टला सांगतो.

बॅरलचे तापमान सामान्यतः 180 ते 210 अंशांच्या पट्ट्यात पुरते. मोठ्या मशीनवर लहान चमचे काढले तर माल बॅरलमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ शिजत राहतो, म्हणून शॉटच्या (एका वेळी मोल्डमध्ये जाणाऱ्या मालाच्या) वजनाला साजेसे मशीन निवडावे. पीएचए या दुसऱ्या जैव-प्लास्टिकाच्या जातीचे दाणे याहून हळवे असतात. त्यातल्या पीएचबीव्हीचा वितळण्याचा आणि बिघडण्याचा बिंदू इतके जवळ असतात की थोडा वेळ मशीन थांबले तरी माल खराब होतो. जेवणाच्या सुट्टीसाठी किंवा मोल्ड दुरुस्तीसाठी थांबायचे असेल तर तापमान उतरवावे, आणि थांबा लांबला तर बॅरल पीपीने किंवा पीईने (पॉलिएथिलीनने) धुऊन काढावे.

माल बदलताना तर याला पर्याय नाही. आधी त्याच मशीनवर पॉलिकार्बोनेट चालले असेल तर त्याचे अवशेष पीएलएच्या तापमानाला वितळतच नाहीत, आणि उलट क्रमात, बॅरलमध्ये उरलेले पीएलए पॉलिकार्बोनेटच्या 280-300 अंशांवर विघटित होऊन धूर सोडते. मधे पीपी किंवा पीई चालवून, तापमान टप्प्याटप्प्याने बदलावे.

'कम्पोस्टेबल' हा शब्द ऐकून कामगार निर्धास्त होतात, याची मला खरोखर काळजी वाटते. वितळलेले पीएलए कातडीला चिकटते आणि इतर कोणत्याही वितळलेल्या प्लास्टिकइतकेच भाजते. पर्जिंग करताना, म्हणजे बॅरल रिकामे करताना, नोझलखाली पडणारा लोंदा वरून घट्ट झालेला दिसतो, पण आत बराच वेळ धगधगता असतो. हेल्पर तो उचलायला जातो आणि वरची साल फुटून आतला माल बोटांना लागतो. बिघडलेला, ओला माल नोझलमधून उडू शकतो, म्हणून पर्ज गार्ड लावलेला असावा, तोंडावर फेस शील्ड आणि हातांत उष्णतारोधक लांब हातमोजे असावेत. चुकून अंगावर पडलाच तर तो ओढून काढू नये. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि डॉक्टरकडे न्यावे. जास्त तापलेल्या पीएलएमधून लॅक्टाइडची वाफ, ॲसिटाल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड निघू शकतात, त्यामुळे नोझलच्या वर धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट हवाच. ग्राइंडरभोवती साचणारी बारीक भुकटी ज्वलनशील असते. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, आणि ग्राइंडरला अर्थिंग असावे. जमिनीवर सांडलेल्या दाण्यावरून पाय घसरणे हा तर रोजचाच धोका आहे.

थंड मोल्डमधून निघालेला चमचा 55 ते 60 अंशांच्या वर मऊ पडतो, म्हणून गरम चहासाठी किंवा आमटीसाठी तो उपयोगाचा नाही. त्यासाठी स्फटिकीकरणाला मदत करणारी ग्रेड घेऊन मोल्ड 100 अंशांच्या आसपास तापवावा लागतो, सायकल लांबते आणि तापलेल्या मोल्डमुळे भाजण्याचा धोकाही वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद ट्रकमध्ये तापलेल्या छपराखाली ठेवलेल्या खोक्यांत माल वाकडा होऊ शकतो, हे माल पाठवणाऱ्यालाही सांगून ठेवावे.

शेवटचा मुद्दा डिझाइनचा आहे, आणि तो मोल्ड बनवण्याआधी पाहायचा असतो. आपल्याकडे या वस्तूंसाठी आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. त्यानुसार नियंत्रित कम्पोस्टिंगमध्ये 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचे रूपांतर झाले पाहिजे आणि 12 आठवड्यांत वस्तूचे इतके बारीक तुकडे झाले पाहिजेत की 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांपेक्षा जास्त माल उरू नये. पातळ पिशवीला हे सोपे जाते, जाड दांड्याच्या चमच्याला अवघड. म्हणून दाणा पुरवणाऱ्याचे प्रमाणपत्र हातात आले की त्यात चाचणी किती जाडीपर्यंत झाली आहे ते आधी वाचावे, दांड्याला मजबुती जाडी वाढवून न देता रिब (उभी पातळ पट्टी) देऊन द्यावी, आणि रंगाचा मास्टरबॅच (रंग मिसळलेला दाणा) नेहमीचा पीई पायाचा न वापरता कम्पोस्टेबल म्हणून प्रमाणित असलेलाच घ्यावा.