लेपाचं श्रेय

स्तनाच्या कॅन्सरनंतर सुजलेला हात माझ्याकडे येतो, तोवर तो बरीच दारं फिरून आलेला असतो. मालीशवालीचं रगडणं, गरम मिठाचा शेक, जळवा. या सगळ्यांनी बिघडलेले हात मी पाहिलेत. पण परवा मावशींचा हात वैद्यांकडून आला आणि त्याची सूज उतरलेली होती.

काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, की लसिकेची, म्हणजे पेशींभोवती पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाची, वाट अडते आणि हात सुजतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी एकच ओळ असते : 'हाताचे व्यायाम करा.' कोणते, ते बाईनं ओळखायचं. मावशींना मी कमी ताणाच्या पट्ट्यांचं बँडेज दिलं होतं, बोटांपासून काखेपर्यंत. महाग, घामानं खाजणारं. भाकरी थापता येईना, म्हणून त्यांनी ते सोडलं.

मनगटापासून दर 4 सेंटिमीटरवर मापं घेत गेले. टेप कातडीला टेकवायची, आवळायची नाही. हे शिकाऊ मुलांना कितीदा सांगा, तिघांची तीन मापं येतात. दंडाच्या घेरात दोन हातांमधला फरक 6 सेंटिमीटर होता, तो 3 वर आलेला. पुन्हा मोजलं. तेच.

"काय केलंत मावशी?"

"सुंठ न् रक्तचंदनाचा लेप. सून लावते. वैद्य म्हणाले, दाबायचं नाही, नुसती कातडी हलली पायजे. बोटांकडनं खांद्याकडं, रोज रात्री अर्धा तास."

हे तर आमचंच लसिका-मालीश! डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी 1930 च्या दशकात बसवलेलं. फक्त आम्ही मान आणि दंड आधी मोकळे करतो, हाताचा पंजा शेवटी. टोलनाक्यावर पुढच्या गाड्या हलल्याशिवाय मागच्या सरकत नाहीत, तसं. आमच्या ओपीडीत एका हाताला अर्धा तास द्यायला माणूसच नाही. शिवाय मध्यंतरी मावशींनी म्हैसही विकली होती, धारा काढणं बंद झालं, हाताचा तेवढा ताण गेला. फरक कशानं पडला, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण वाळलेला लेप खरवडून बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या. अशा हातात त्यातून जंतू शिरले तर हात लालभडक, ताप, अॅडमिशन. लेप बंद करायलाच हवा होता. म्हटलं, साधं खोबरेल लावा, दंडापासून सुरुवात करा.

"तेलात औषध काय?"

"काही नाही."

दोघींचे चेहरे पडले. बिनऔषधाच्या तेलासाठी सून रोज अर्धा तास बसेल? सहकारी डॉक्टर म्हणाले, "मनाचा खेळ आहे, सोड." त्यांनी हात बघितलासुद्धा नव्हता.

मी वैद्यांना फोन लावला. "लेप वाळू देऊ नका, हे मी बजावलं होतं," ते आधी चिडलेच. मग म्हणाले, "तेल मी सांगितलंय म्हणून सांगा."

तसंच सांगितलं. बँडेजही पुन्हा सुरू केलं, पण भाकऱ्या आटोपल्यावर, रात्रीपुरतं. ते बांधायला सून शिकलीय. फाईलमध्ये 'उपचार' या रकान्यात काय लिहावं, ते मात्र अजून ठरत नाहीये.