दोरी ओढण्याआधीचे काम

इंदूरच्या घरांतून पेट्रोलवर चालणारा जनरेटर आता जवळपास हद्दपार झाला आहे, कारण त्याची जागा इन्व्हर्टरने घेतली. पण गणेशोत्सवाचा मांडव, लग्नघराचे अंगण आणि शहराबाहेरची शेती येथे एका सिलिंडरचे लहान इंजिन अजून भरपूर राबते. माझ्या देखरेखीखाली अशी दोन इंजिने आहेत. एक सिमरोलच्या बाजूला असलेल्या आमच्या सामाईक शेतावरच्या पाण्याच्या पंपाचे, आणि दुसरे आमच्या मंडळाच्या जनरेटरचे, ज्याची जबाबदारी मंडळातल्या ज्येष्ठांनी माझ्या गळ्यात मारली आणि जी मी कुरकुर न करता सांभाळतो. दोन्ही चार-स्ट्रोक, हवेने थंड होणारी, दोरी ओढून सुरू करायची. त्यांच्या सहवासात माझे असे मत झाले आहे की इंजिनाची निगा आणि माणसाची सुरक्षितता या दोहोंचा बहुतेक भाग इंजिन बंद असतानाच उरकून घ्यावा लागतो. एकदा ते धडधडू लागले की आपल्या हातात फारसे काही राहत नाही.

पहिला प्रश्न ते कोठे ठेवायचे हा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो; त्यामुळे हवेत तो थोडासा साचला तरी शरीराला प्राणवायू पोचेनासा होतो. आधी डोके जड होते, मग मळमळते, चक्कर येते, आणि उत्सवाच्या धावपळीत माणूस समजतो की जागरणामुळे पित्त झाले आहे. धुराचा जो वास आपल्याला येतो तो त्यातल्या इतर घटकांचा असतो, म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धूर निघून गेला’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. मल्हारगंज, रामबाग या भागांतल्या जुन्या वाड्यांत जनरेटर चौकात ठेवण्याची कल्पना हमखास कोणीतरी मांडतो, कारण चौकाला वर छत नसते. पण चौक चारही बाजूंनी बंद असतो, सगळ्या खोल्यांची दारे त्यातच उघडतात, आणि वारा पडलेला असेल तर धूर तेथेच घुटमळून माडीवरच्या खिडक्यांतून आत शिरतो. म्हणून आमच्या मंडळाचा जनरेटर रस्त्याच्या बाजूला, कोणत्याही दारा-खिडकीपासून किमान वीस फूट दूर आणि धुराड्याचे तोंड वस्तीच्या उलट दिशेला करून ठेवला जातो. त्यासाठी केबल लांब घ्यावी लागते आणि दर वर्षी त्या खर्चावर एखादा सभासद आक्षेप घेतो. तो आक्षेप मी नम्रपणे ऐकून घेतो आणि केबल लांबच आणतो.

शेतावर हाच धोका विहिरीच्या रूपाने येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात पंप नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकतो. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे तो आकडा अर्ध्या मीटरहून अधिक घटतो, आणि नळीतले घर्षण, सांध्यांतली गळती वगैरे जमेस धरता सात मीटरच्या पलीकडे पंपाने साथ द्यावी अशी अपेक्षा करू नये. चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी त्याखाली गेले की सोपा दिसणारा उपाय म्हणजे पंपच दोराने उतरवून आतल्या टप्प्यावर ठेवणे. मग इंजिन सुरू करायला एकजण खाली उतरतो, आणि थोड्याच वेळात विहीर धुराने भरते, कारण त्या खोल, अरुंद जागेतून हवा खेळती राहण्याची काही सोय नसते. खालचा माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही तेथेच पडतो. आमच्या सालदाराला आणि भाच्याला मी एकच नियम घालून दिला आहे, तो असा की इंजिन काठाच्या खाली जाणार नाही, ते सुरू असो वा बंद. पाणी फारच खाली गेले तर जनरेटर वर, काठापासून दूर ठेवावा आणि विजेवर चालणारा पाणबुडी पंप खाली सोडावा. आत कोणी बेशुद्ध दिसलाच, तर स्वतः न उतरता ११२ वर फोन करून मदत बोलवावी. जिवाच्या माणसाच्या बाबतीत हे सांगणे फार कठोर वाटते, पण उतरणाऱ्याच्या फुफ्फुसांतही तोच वायू जाणार असतो.

मांडवातल्या जनरेटरचा आणखी एक धोका तारेतून जातो. काही हौशी लोक दोन्ही टोकांना प्लग लावलेली केबल तयार करतात, एक टोक जनरेटरला आणि दुसरे घरातल्या सॉकेटला खुपसतात, आणि सगळ्या घरात उजेड पडला म्हणून खूश होतात. मेन स्विच चालू राहिला असेल तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकतो, आणि लाइन बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात ती पोचते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, बसवणे, किंवा मांडवाची वायरिंग घराच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळी ठेवणे, याला पर्याय नाही.

आता पेट्रोल. कायद्याच्या भाषेत ते ‘अ’ वर्गातले पेट्रोलियम आहे, म्हणजे २३ अंश सेल्सिअसच्या खालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडणारे. प्रत्यक्षात पेट्रोल शून्याच्या चाळीस अंश खालीसुद्धा अशी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीवरून सरपटत उताराकडे आणि मोरीकडे जाते. मांडवात गणपतीसमोर समई अखंड तेवत असते, आणि ती जमिनीलगतच असते, हे लक्षात घेतले की टाकी मांडवाच्या आडोशाला का भरायची नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. इंजिन बंद करून ते चांगले निवू द्यावे, निदान पंधरा-वीस मिनिटे. कारण सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो आणि टाकी नेमकी त्याच्या शेजारी असते. आरतीच्या ऐन वेळी पेट्रोल संपण्याची सवय या यंत्राला असते, म्हणून मी आरतीच्या आधी टाकी पाहून घेतो आणि घाईत भरण्याची वेळच येऊ देत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरू नये, कारण उन्हात पेट्रोल फुगते. सांडलेले पुसून, वाफ उडून गेल्यावरच दोरीला हात लावावा.

इंजिनातल्या ऑईलविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण लहान इंजिने बहुधा याच कारणाने मरतात. मोटारीच्या इंजिनात ऑईलचा पंप असतो. या लहान इंजिनांपैकी बहुतेकांत तो नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक लहानसा दांडा असतो, तो प्रत्येक फेऱ्याला खालच्या ऑईलमध्ये बुडतो आणि ते सर्वत्र उडवतो; क्रँक, सिलिंडर आणि कॅम यांना मिळणारे वंगण एवढेच. इंजिन तिरपे ठेवले की ऑईल एका बाजूला जाते, दांडा कोरडा फिरतो, आणि पातळी पुरेशी असूनही इंजिन जॅम होऊ शकते. नांगरलेल्या काळ्या मातीत पंप ठेवला तर कंपनांनी एक पाय हळूहळू रुततो आणि अर्ध्या तासात यंत्र कलते. म्हणून आम्ही त्याखाली फरशीचा सपाट तुकडा ठेवतो. पातळीही सपाट जागेवर, इंजिन बंद असताना पाहायची, आणि ऑईल मोजायची काडी आटे फिरवून आत बसवायची की नुसती टेकवायची हे माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवायचे, कारण त्यात फरक पडतो. माझ्या पंपाच्या इंजिनात जेमतेम ६०० मिली ऑईल मावते, तेव्हा शंभर मिली कमी म्हणजे सहाव्या हिश्श्याची तूट झाली. १०डब्ल्यू-३० दर्जाचे चार-स्ट्रोक ऑईल आमच्या हवेला चालते. नव्या इंजिनाचे पहिले ऑईल सुमारे वीस तासांनी बदलावे. ते उन्हात धरले तर त्यात सुट्या भागांच्या घासणीतून आलेली बारीक चमक दिसते, आणि ती आत फिरत ठेवण्यात शहाणपण नाही. पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. ऑईल काढताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळही सोबत निघतो. बऱ्याच इंजिनांत ऑईल कमी झाले की ठिणगीच बंद करणारा सेन्सर असतो, आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग चांगला, पेट्रोल भरलेले, तरी इंजिन दाद देत नसेल तर आधी ऑईलची काडी काढून पाहावी.

माळव्यातली धूळ हा वेगळाच विषय आहे. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत भुश्श्याचे बारीक कण हवेत तरंगत असतात. ते हवेच्या फिल्टरात अडकतात आणि पंख्याच्या झाकणामागे सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पाकळ्यांतही जाऊन बसतात. पहिल्याने इंजिनाची ताकद जाते आणि पेट्रोल जास्त लागते. दुसऱ्याने ते तापते, कारण त्याला थंड करणारी हवा त्या पाकळ्यांतूनच जाते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, थोडे स्वच्छ ऑईल लावून घट्ट पिळावा आणि मग बसवावा. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटकावा, धुऊ नये. फिल्टर काढून ‘आजच्या दिवसापुरते’ इंजिन चालवण्याचा मोह शेतावर नेहमी होतो. आत गेलेली धूळ पिस्टन-रिंगांना काचपेपरसारखी घासते आणि मग इंजिन ऑईल खाऊ लागते.

प्लगचे काम थोडे आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. काजळी धरली असेल तर बहुधा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) लावलेला राहिला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. माझ्या इंजिनांना ठिणगी पडते तेथे ०.७ ते ०.८ मिलिमीटर फट लागते आणि ती फीलर गेजनेच, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनीच, मोजावी. आटे आधी हातानेच बसवावेत, पाना शेवटी.

दोरी ओढताना ती आधी सावकाश, दाब लागेपर्यंत घ्यावी आणि मग एकदम ओढावी. सोडताना हातातूनच परत जाऊ द्यावी. गमछा किंवा ओढणी जवळ लोंबकळू देऊ नये. लोड नसताना सुरू करून दोन-तीन मिनिटे तसेच चालू द्यावे, आणि बंद करण्यापूर्वीही आधी लोड काढावा. येथे एक गोष्ट जनरेटरवाल्यांनी ध्यानात ठेवावी: उंचीमुळे हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची सुमारे साडेतीन टक्के ताकद घटते, म्हणजे इंदुरात ती सहा टक्क्यांच्या आसपास कमीच मिळते. मग लाइट मंद झाले की कोणीतरी पेचकस घेऊन गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळायला सरसावतो. साधा दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरला तरच ५० हर्ट्झची वीज मिळते; फेरे वाढवले की व्होल्टेजही चढते, ध्वनिक्षेपकाचा अँप्लिफायर जळतो आणि कनेक्टिंग रॉड तुटण्याची वेळ येते. मांडवातले दोन हॅलोजन काढून टाकणे अधिक स्वस्त पडते.

राहिला मुक्कामाचा प्रश्न, म्हणजे जून ते ऑक्टोबर, जेव्हा शेताला पंपाची गरज नसते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ सोडते, आणि मुख्य जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचे, छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असल्याने ते बुजायला तेवढी पुरते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते पाच वर्षे आधी ओढून २०२५ वर आणले गेले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या कॉकच्या तोंडाशीच. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात किंवा चिरतात. म्हणून पावसाळ्याआधी मी टाकी रिकामी करतो, वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करतो, ऑईल बदलतो, प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑईल सिलिंडरमध्ये सोडून दोरी दोन-चारदा हलकेच ओढतो, आणि प्लग परत लावून दाब लागेल तेथे दोरी थांबवतो. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही. वर जुने सुती पांघरूण घालतो. प्लास्टिकच्या खाली ओल कोंडते.

एवढे करूनही दसऱ्यानंतर इंजिन रुसलेच, तर सियागंजातून नवा प्लग आणण्याआधी आमच्या ओळखीचे मिस्त्री सांगतात तसे करावे: “भिया, पेले पुराना पेट्रोल निकालो.” टाकीत काही उरले आहे का हे विजेरीने पाहावे, काडी पेटवून कधीही नाही. जेट तुंबला असेल तर तो काढून कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करावा. त्यात तार घालू नये, कारण पितळ मऊ असते, छिद्र किंचितही रुंदावले तरी मिश्रणात पेट्रोल वाढते, आणि मग प्लग काळा पडण्याचे कारण शोधण्यात सगळा रब्बी हंगाम जातो.