बैठकांची वही, सहावा आठवडा: बसायला शिकतोय

तिसऱ्या आठवड्यात राजहंसगडावर गेलो होतो. चढताना छाती फुटायची वेळ आली, उतरताना दम म्हणून लागला नाही. पण सोमवारी-मंगळवारी घरचा जिना उतरायचा तर कठडा धरूनच. वही मागं चाळली, तर प्रत्येक गडानंतर हीच नोंद.

तालमीत वस्तादांना सांगितलं. त्यांनी समोर वीस बैठका मारायला लावल्या. "उठायलास बरोबर. बसायलास कुठं? पडायलास नुसता!"

वर्म तिथंच होतं. स्नायूला ढकलता येत नाही, ओढताच येतं. तंतूत सार्कोमिअर नावाचे बारके तुकडे एकापुढं एक जोडलेले असतात, एकेक साधारण दोन मायक्रोमीटरचा. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की आत कॅल्शियम सुटतं, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यावरची धरायची जागा उघडी पडते आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याची टोकं ती पकडून ओढतात. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी मांडलं, दोन्हींत हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ, आणि दोघांचं नातं काही नाही!

विहिरीतून कळशी ओढताना हातापुढं हात टाकतो ना, अगदी तसं. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की पकड सोडवायलाही एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं. मेल्यावर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून प्रेत ताठतं.

भरलेली कळशी खाली सोडतानाही दोर धरूनच सोडावा लागतो. बसताना, गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता भार धरून असतो. त्या ओढाताणीत काही सार्कोमिअर विस्कटतात आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. तालमीत सगळे लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण ते तासाभरात बरंचसं निघून गेलेलं असतं.

तेव्हापासून चार आकडे मोजत बसतोय. आधी चाळीसातच पाय थरथरले, आता नव्वद होतात. मांडीचा घेर टेपनं मोजला, तेवढाच आहे. म्हणजे सध्या शिकलेत त्या नसा, जास्त तंतू एकदम कामाला लावायला.

या रविवारी पुन्हा राजहंसगड केला. आज मंगळवार, जिना हात न लावता उतरलो. डाव्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला मात्र अजून ओढतंय. उद्या वस्तादांना डावा पाय दाखवतो.