नातेपुते ते वेळापूर

कारापूर, आषाढ वद्य तृतीया

घरी आल्यापासून जो तो दिवे घाटाचे फोटो मागतोय. फलटणच्या पुढचं कुणीच विचारत नाही. माझी वारी मात्र तिथेच सुरू होते.

धर्मपुरीला माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात येते आणि सगळं मोकळं होतं. आम्हा गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या माणसांना एवढ्या आभाळाची सवय नाही. आमची वाट सारखी वळते. सुपारीचं कुळागर, जांभ्याचा गडगा, ओहोळ, लगेच देऊळ. इथे ऊस, मग डाळिंब, मग काळं रान, पुन्हा ऊस. तासभर चाललं तरी आपण त्याच बांधाशी आहोत असं वाटतं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माळशिरस तालुक्यात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. आषाढातही ऊन चटका देतं.

आधी जीव कासावीस होतो. बघायला काही नाही म्हटल्यावर मन घरच्या कटकटी उकरत बसतं. चालता चालता त्याही संपतात. पुढच्याच्या टाचा आणि टाळ, एवढंच उरतं.

खुडूसच्या अलीकडे एका शेतकऱ्याने वारकऱ्यांसाठी बोअरची मोटर चालू ठेवली होती. सगळे पाण्यावर तुटून पडले. आमच्या दिंडीतल्या आजींनी डोक्यावरचं वृंदावन बांधावर उतरवलं, ओंजळभर पाणी तुळशीला घातलं, पानांवरची धूळ पदराने टिपली, आणि मग स्वतः प्यायल्या. मी म्हटलं, "माऊली, थोडा वेळ मी घेऊ का डोक्यावर?" "आत्ता नको रे माऊली," म्हणाल्या, "हा माळ मलाच चालायचाय."

रस्ता आता चौपदरी झालाय. गाड्यांची सोय झाली, पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. चालणाऱ्याला दुपारी बारा वाजता रुंद रस्ता नको असतो, सावली हवी असते. वड वाढायला पिढी जाते. ते आत्ताच लावायला हवेत, आणि लावून सोडून न देता जगवायला हवेत.

वेळापूरच्या अलीकडे धावाबावी. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. सकाळपासून पाय ओढणारी माणसं त्या उतारावर खरोखर धावतात, सत्तर वर्षांच्या बायकासुद्धा. मीही धावलो. गाडीने येऊन तिथे उतरणाऱ्याला ते धावणं कळेल असं मला वाटत नाही. त्याआधीचा सपाट माळ पायांखालून जावा लागतो.

आईला पुढच्या वर्षी यायचंय. गुडघे दुखतात, सगळी वाट झेपणार नाही. भाऊ म्हणतो, तिला थेट वाखरीला नेऊ, शेवटचं गोल रिंगण बघेल. मी तिला नातेपुत्याला उतरवणार आहे. चालेल तेवढं चालेल, बाकी दिंडीच्या ट्रकमधून. चपला मात्र आत्ताच घ्यायला हव्यात, पावसाळाभर घालून मऊ होतील.